फोन तुम्ही केलाच नाही, मग ‘चुकीचा पिन’ टाकला कोणी?

समजा, तुम्ही नवीन पनवेलमध्ये राहता. रात्री साडेअकराला फोन चार्जिंगला लावून झोपलात. सकाळी बघता तर बँकेचे दोन मेसेज. पहिला : ‘आपण टाकलेला टी-पिन चुकीचा आहे.’ दुसरा चार मिनिटांनी आलेला : ‘चुकीचा टी-पिन वारंवार टाकल्याने आपली फोन बँकिंग सेवा तात्पुरती बंद करण्यात आली आहे.’

तुम्ही बँकेला फोन केलेला नाही. घरात कुणीच केलेला नाही. वडिलांना विचारलं तर ते म्हणतात, टी-पिन म्हणजे काय? खात्यातले पैसे जागच्या जागी आहेत.

अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. ‘पैसे गेले नाहीत ना, मग जाऊ दे’ म्हणत मेसेज डिलीट करतात. किंवा घाबरून गुगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधतात आणि समोर जो पहिला नंबर येईल तो फिरवतात. पहिल्यात हातातली माहिती वाया जाते. दुसऱ्यात तर चोराला आपणच फोन करून बसण्याची शक्यता असते, कारण बँकांच्या नावाने खोटे नंबर इंटरनेटवर पेरून ठेवणं हा जुना धंदा आहे.

खरं तर हा मेसेज म्हणजे कुणीतरी तुमच्या दाराची कडी हलवून गेल्याची खबर आहे. ती कुणी हलवली, किती वेळा हलवली आणि तो कुठल्या दारापर्यंत पोचला होता, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. फक्त वाचायचं कसं ते माहीत हवं.

फोनवरचं दार म्हणजे काय?

बँकेच्या नंबरवर फोन केला की एक रेकॉर्ड केलेला आवाज येतो. मराठीसाठी हे दाबा, शिल्लक जाणून घेण्यासाठी ते दाबा. याला आयव्हीआर म्हणतात. पलीकडे माणूस नसतो, कॉम्प्युटर असतो. तुम्ही कीपॅडवर आकडा दाबला की दोन वेगवेगळ्या सुरांची जोडी मिळून एक ‘टूं’ वाजतो. प्रत्येक आकड्याची जोडी वेगळी. पलीकडचं यंत्र तो आवाज ऐकून आकडा ओळखतं. आजीच्या घरातला चकती फिरवायचा काळा फोन या कामाचा नव्हता तो यामुळेच. तो सूर काढत नव्हता, तो लाइन तोडून-जोडून आकडे मोजायचा.

आता वाटेल की ॲपच्या जमान्यात हे सगळं कोण वापरतं? बरेच लोक वापरतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ आणलं ते साध्या बटणांच्या फोनवाल्यांसाठीच. त्यात नंबर फिरवून, आवाज ऐकून, यूपीआय पिन दाबून पैसे पाठवता येतात. त्याची एका व्यवहाराची मर्यादा पुढे पाच हजारांवरून दहा हजारांवर नेली गेली. कार्ड हरवलं तर ते बंद करायला, क्रेडिट कार्डचं बिल विचारायला, चेक थांबवायला लोक आजही फोनच करतात. ज्यांना ॲपची भीती वाटते त्यांचा तर हाच मुख्य रस्ता.

या दारावर साधारण तीन कड्या असतात. आधी यंत्र बघतं, फोन नोंदवलेल्या मोबाईलवरून आलाय का. मग ते ग्राहक क्रमांक किंवा कार्डाचे आकडे मागतं. मग टी-पिन, ओटीपी किंवा दोन्ही. कार्डावरून आयव्हीआरने पैसे भरताना नुसत्या कार्डावरच्या आकड्यांवर काम भागवू नका, आणखी एक खात्री करा, असं रिझर्व्ह बँकेने २०११ पासूनच सक्तीचं केलं आहे. बँकेनुसार क्रम बदलतो, पण घडण हीच.

दर वेळी चोरच असतो का?

नाही. आणि हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर प्रत्येक मेसेजला लोक पोलीस स्टेशन गाठतील.

सगळ्यात साधं कारण म्हणजे विसर. एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, टी-पिन आणि फोन उघडायचा पिन असे चार आकडे डोक्यात असतात. माणूस घाईत एटीएमचा पिन टी-पिनच्या जागी टाकतो. तीनदा तोच टाकतो, कारण त्याला खात्री असते की तो बरोबर आहे. यंत्राने थांबायची वेळ संपवली आणि उरलेले आकडे नंतर दाबले गेले, तरी नोंद ‘चुकीचा पिन’ अशीच होते. गोंगाटाचं मात्र कारण नसतं. पनवेल स्टेशनवरच्या घोषणांमुळे आकडा चुकला, असं मोबाईलवर सहसा होत नाही, कारण तिथे बटण दाबल्याचा निरोप वेगळा जातो आणि सूर पुढे नेटवर्कमध्ये तयार होतो.

दुसरं कारण गमतीचं आहे. आपल्याकडे बंद झालेला मोबाईल नंबर काही महिन्यांनी नव्या ग्राहकाला दिला जातो. तुम्ही नवीन सिम घेतलं असेल आणि त्या नंबरच्या जुन्या मालकाने बँकेत तो बदलला नसेल, तर त्याच्या चुकांचे मेसेज तुमच्याकडे येत राहतात. मेसेजमध्ये खात्याचे किंवा कार्डाचे शेवटचे आकडे असतात, ते आपलेच आहेत का एवढं बघितलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

तिसरं कारण म्हणजे मेसेजच खोटा असणं. २०२५ पासून व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक अक्षर लागतं. सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी, जाहिरातीला पी आणि सरकारी मेसेजला जी. बँकेचा इशारा दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल आणि त्यात लिंक असेल, तर तुमच्या खात्याला कुणी हात लावलेलाच नाही. हात लावायचा आहे, तो तुमच्याकडून.

ही तीन कारणं बाजूला झाली की उरतो तो खरा प्रकार.

चार आकडे फोडायला किती वेळ लागतो?

चार आकडी पिनच्या शक्यता दहा हजार. बँक तीन संधी देते. म्हणजे डोळे मिटून प्रयत्न करणाऱ्याला यश मिळण्याची शक्यता दहा हजारांत तीन, ०.०३ टक्के. एवढ्यासाठी कोण मेहनत घेईल?

कुणीच नाही, जर लोक पिन खरोखर कसेही निवडत असतील तर. पण लोक तसे निवडत नाहीत. २०१२ मध्ये निक बेरी या विश्लेषकाने लीक झालेल्या सुमारे ३४ लाख चार आकडी पासवर्डांचा हिशेब मांडला होता. त्यात जवळपास ११ टक्के लोकांचा आकडा एकच निघाला : १२३४. सगळ्यात लोकप्रिय वीस आकड्यांत चौथ्या हिश्शापेक्षा जास्त लोक बसले. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसऱ्या बाजूने गणित केलं. पाकीट चोरणाऱ्याला आत एटीएम कार्डासोबत जन्मतारखेचा कागदही मिळाला तर? त्यांचं उत्तर होतं, दर ११ ते १८ पाकिटांमागे एक कार्ड चालून जाईल.

आता चोराच्या जागी बसून बघा. एकाच खात्यावर दहा हजार आकडे चालवून बघणं हा मूर्खपणा आहे, तिसऱ्या चुकीला दार बंद होतं. त्यापेक्षा एकच आकडा घ्यायचा आणि तो हजार खात्यांवर एकेकदा चालवायचा. कुठल्याच खात्यावर तीन चुका होत नाहीत, कुठेच कुलूप लागत नाही. काही खाती उघडतात आणि उरलेल्यांना फार तर एक ‘चुकीचा पिन’चा मेसेज जातो, जो ते डिलीट करतात.

म्हणून गडबड इथे आहे. आपल्याला वाटतं तीन चुका म्हणजे मोठा धोका आणि एक चूक म्हणजे किरकोळ. चोर जेवढा हुशार, तेवढ्या तुमच्या खात्यावरच्या चुका कमी. तुमच्याकडून बघितलं तर ती एक चूक आहे. बँकेच्या बाजूने बघितलं तर एका रात्रीत हजार ग्राहकांच्या नावावर प्रत्येकी एक चूक, एकाच पद्धतीने, ठरावीक अंतराने. हे चित्र फक्त बँकेला दिसू शकतं, आणि तेही तिने आपल्या नोंदी खात्याप्रमाणे न बघता वेळेप्रमाणे लावून बघितल्या तर. बऱ्याच बँका १२३४, ००००, जन्मसाल असे आकडे घेतच नाहीत, ते यासाठी. ग्राहक वैतागतो, पण ही अडवणूक कामाची आहे.

कुठल्या पायरीवर अडलं, ते बघा

अयशस्वी प्रयत्नाचा मेसेज आला की लोक विचारतात, किती वेळा? त्याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे, कुठे?

‘हा मोबाईल क्रमांक नोंदणीकृत नाही’ इथेच अडलं असेल तर तो बाहेरच्या फाटकावर होता. कदाचित राँग नंबर. असे प्रयत्न ग्राहकाला बहुधा कळतही नाहीत.

‘टी-पिन चुकीचा’ असा मेसेज आला असेल, तर विचार करा, टी-पिन विचारण्याआधी यंत्राने काय विचारलं होतं? ग्राहक क्रमांक किंवा कार्डाचे आकडे. ते त्याने बरोबर दिले, म्हणून तर यंत्र पुढच्या प्रश्नाला आलं. म्हणजे तुमची थोडी माहिती आधीच त्याच्या हातात आहे. ती चेकबुकच्या झेरॉक्सवरून गेली असेल, कुठल्या तरी खोट्या फॉर्मवरून गेली असेल, किंवा व्हॉट्सॲपवर ‘माझ्या खात्यात टाक’ म्हणून पाठवलेल्या पासबुकाच्या फोटोवरून.

आणि न मागता ओटीपी आला असेल, तर प्रकरण आणखी आत गेलेलं आहे. लोक ओटीपीच्या मेसेजला सगळ्यात कमी घाबरतात, कारण ‘मी कुणाला सांगितला नाही, म्हणजे झालं’. पण ओटीपी ही बऱ्याच ठिकाणी शेवटची कडी असते. यंत्राने ओटीपी पाठवला याचा अर्थ आधीच्या कड्या निघाल्या. ‘चुकीचा पिन’ दिसायला भीतीदायक आणि ओटीपी दिसायला रोजचा. प्रत्यक्षात धोका बरोबर उलटा आहे.

वेळही बघायची. माणूस चुकतो तेव्हा अर्धा-एक मिनिट थांबतो, डोकं खाजवतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी बरोबर आकडा टाकतो किंवा कंटाळून सोडतो. यंत्राने चालवलेले प्रयत्न सारख्या अंतराने पडतात आणि बहुधा रात्री.

कुलूप लागलं, आता तरी सुटलो?

इथे एक उलटा डाव आहे. काही वेळा समोरच्याला पिन फोडायचाच नसतो. त्याला फक्त तुमचं दार बंद पाडायचं असतं. तो मुद्दाम तीनदा चुकीचा आकडा टाकतो. तुम्हाला बँकेचा खरा मेसेज येतो. आणि थोड्या वेळात फोन वाजतो : ‘सर, बँकेतून बोलतोय. तुमचं फोन बँकिंग ब्लॉक झालंय, मेसेज आला असेल बघा. चालू करून देतो, आत्ता एक नंबर येईल तो सांगा.’

मेसेज खरा असतो, म्हणून फोनही खरा वाटतो. त्याला मेसेजची वेळसुद्धा माहीत असते, कारण तो त्यानेच घडवून आणलेला असतो. या फोनवर नुसता विश्वास बसत नाही, वर धन्यवादही दिले जातात.

पनवेल-उरण पट्ट्यात या गोष्टीला आणखी वजन आहे. इथल्या अनेक कुटुंबांकडे जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आहेत. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतले भूखंड, विमानतळासाठी गाव सोडणाऱ्यांना मिळालेले साडेबावीस टक्के विकसित भूखंड, त्यातून झालेले व्यवहार. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली, आणि जमिनीचे भाव पुन्हा चर्चेत आले. पैसा बहुधा घरातल्या ज्येष्ठांच्या नावावर, मुदत ठेवीत. त्यांच्या हातात फोन आहे, पण ॲप मुलगा किंवा नातू बघतो. बँकेच्या नावाने आलेला फोन मात्र ते स्वतः घेतात. शिवाय २०२१ मध्ये कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाल्यापासून ‘खातं बंद झालंय’ हे शब्द ऐकले की इथल्या माणसाच्या पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे. चोराला तो गोळाच हवा असतो.

फोन न उचलताही घात होऊ शकतो, याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला मध्यरात्रीच्या सुमारास सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोनला रेंज नव्हती. त्याच्या सिमऐवजी दुसरं सिम चालू केलं गेलं होतं आणि खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये अनेक खात्यांत फिरवले गेले होते. इथे ओटीपी चोरावा लागला नाही. तो सरळ चोराच्या फोनवरच गेला. त्यानंतर नियम बदलले. सिम बदललं की काही तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे, आणि जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही.

कॉल फॉरवर्डिंगचा प्रकारही याच जातीचा. ‘कुरिअर अडकलंय, हा नंबर फिरवा’ म्हणून एक कोड दाबायला लावतात आणि तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात. बँकेने ओटीपी आवाजी कॉलवर दिला की तो तिकडे ऐकू येतो. याला आळा घालायला दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# ने सुरू होणारी वळवणी थांबवली. आपले कॉल कुठे वळलेत का, हे *#२१# दाबून कळतं. सगळ्या वळवण्या रद्द करायला ##००२#.

एकही चूक नाही, तरी पैसे गेले

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि तीही महाराष्ट्रातली. एप्रिल २००५ मध्ये पुणे पोलिसांनी एका कॉल सेंटरच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक केली. एम्फसिसच्या बीपीओमधून सिटी बँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांना सेवा दिली जायची. ग्राहकांशी बोलता बोलता त्यांचे पिन काढून घेतले गेले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांत वळवले गेले. त्या काळी भारतातल्या आउटसोर्सिंग धंद्याला बसलेला हा मोठा धक्का होता.

या प्रकरणात कुणालाच आकडे चाचपत बसावं लागलं नाही. पिन बरोबर, खातं बरोबर. यंत्राच्या नजरेतून बघितलं तर स्वतः ग्राहकच आत आला होता. प्रकार उघडकीस आला तो ग्राहकांनी आपली शिल्लक बघितली म्हणून.

म्हणजे चुकांचे मेसेज येत नाहीत याचा अर्थ कुणी प्रयत्नच करत नाही असा घ्यायचा नाही. चाचपडणारा चोर आवाज करतो. किल्ली असलेला करत नाही.

ऑफिसच्या फोनचं काय?

हा भाग तळोजा एमआयडीसी, कळंबोली, खारघरमधल्या कंपन्या, हॉस्पिटलं आणि हॉटेलांसाठी. घरच्या वाचकांनी वाचला तरी हरकत नाही, कारण पगार तिथूनच येतो.

ऑफिसात एक ईपीएबीएक्स असतो. बाहेरून एक नंबर, आत पन्नास एक्स्टेंशन. त्यात एक सोय असते. साहेब बाहेरून ऑफिसच्या नंबरवर फोन करतात, पासवर्ड दाबतात, आणि तिथून पुढे ऑफिसच्या लाइनवरून कुठेही फोन लावतात. व्हॉइसमेलही असाच बाहेरून ऐकता येतो. सोय साहेबांसाठी असते, पण पासवर्ड बरेचदा मशीन बसवणाऱ्याने ठेवलेलाच राहतो किंवा एक्स्टेंशनचा आकडा हाच पासवर्ड असतो.

चोर काय करतो? कॉम्प्युटरला कामाला लावून एकामागून एक नंबर फिरवतो. जिथे मशीन उचलतं तिथे एक्स्टेंशन आणि पासवर्ड चाचपतो. जे एक्स्टेंशन कुणी वापरत नाही, ते सापडलं की त्याचं घबाड. मग शनिवार-रविवारी त्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर तासन्‌तास फोन चालतात. ते नंबर त्याच्याच टोळीने भाड्याने घेतलेले असतात, त्यामुळे प्रत्येक मिनिटाच्या दरातला हिस्सा टोळीला मिळतो. बिल ऑफिसला येतं.

ही काही किरकोळ चोरी नाही. २००९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत दाखल झालेल्या खटल्यात अडीच हजारांहून अधिक संस्थांची अशी मशीनं फोडल्याचा आरोप होता. सव्वा कोटीच्या आसपास मिनिटं, किंमत साडेपाच कोटी डॉलरपेक्षा जास्त. पुढच्या एका टोळीसाठी पैसे फिरवणारा पाकिस्तानी नागरिक मुहम्मद सोहेल कासमानी २०१४ मध्ये अमेरिकेत पकडला गेला. त्याने २०१६ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०१७ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

घरच्या ग्राहकाला निदान मेसेज येतो. ऑफिसच्या मशीनमधल्या चुकांची नोंद आतच पडून राहते. ती बघायचं काम कुणाचं, हेच ठरलेलं नसतं. आयटीवाला म्हणतो तो टेलिफोनचा विषय आहे, टेलिफोनवाला वर्षातून एकदा बॅटरी बदलायला येतो. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्यात असं म्हटलं आहे. मशीनमध्ये नोंदीच चालू केलेल्या नसतील तर जपणार काय? बाहेरून फोन लावायची सोय गरजेची नसेल तर ती बंद करणं आणि आयएसडी फक्त लागेल त्या एक्स्टेंशनला ठेवणं, ही दोन कामं अर्ध्या तासाची आहेत.

पैसे गेले नाहीत, तर तक्रार होते का?

होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख फसवणुकीने वापरणं हा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. आणि त्याच कायद्यात ८४-सी हे कमी बोललं जाणारं कलम आहे. त्यानुसार गुन्ह्याचा प्रयत्न हाही गुन्हाच, शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्म्यापर्यंत. पोलीस एका फसलेल्या प्रयत्नामागे किती धावतील, हा वेगळा प्रश्न. पण तारखेनिशी नोंद असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

कसं, ते रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात बघा. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणी खातं फोडलं, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान सोसावं लागतं. ग्राहकाचा दोष सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. उद्या खरंच पैसे गेले आणि बँक म्हणाली ‘तुम्हीच पिन दिला असणार’, तर आठवड्यापूर्वीच्या फसलेल्या प्रयत्नांची तुमची लेखी तक्रार हा तुमच्या बाजूचा कागद ठरतो.

बँकांवरचा दबावही वाढतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांना १ एप्रिल २०२६ ची मुदत आहे. त्यात नुसत्या दोन कड्यांवर न थांबता व्यवहाराची जागा, डिव्हाइस, ग्राहकाची रोजची सवय बघून धोका ओळखायला बँकांना वाव दिला आहे. आणि हे नियम न पाळल्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई पूर्ण द्यावी लागेल. रात्री बारा वाजता हजार खात्यांवर पडलेली एकेक चूक बँकेने बघायची की नाही, हा प्रश्न त्यामुळे आता तिच्या खिशाचाही झाला आहे.

तर त्या सकाळी करायचं काय?

मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसली पाहिजे. खात्याचे शेवटचे आकडे आपलेच आहेत ना ते बघा. मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा किंवा शाखेत जा. गुगलवर नंबर शोधू नका, आणि आलेल्या फोनवर पुढे बोलू नका. ट्रायने व्यापारी बँकांना सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करायला १ जानेवारी २०२६ ची मुदत दिली होती. त्यामुळे दहा आकडी मोबाईलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवायला हे कारण पुरेसं आहे.

बँकेला तीन गोष्टी विचारा. प्रयत्न किती झाले, कुठल्या नंबरवरून दिसतोय, आणि कुठल्या पायरीपर्यंत पोचले. पहिल्याच फोनवर उत्तर मिळेल असं नाही, म्हणून तेच प्रश्न ईमेलनेही पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. टी-पिन बदला. तोच आकडा एटीएमला असेल तर तोही बदला, आणि नव्या आकड्यात जन्मसाल, गाडीचा नंबर नको. फोनला अचानक रेंज गेली असेल तर आधी मोबाईल कंपनी गाठा. नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल तर तो संचार साथीवरच्या ‘चक्षू’मध्ये नोंदवता येतो. खात्यात घुसायचा प्रयत्न झाला असेल तर सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर. आणि एक रुपया जरी गेला असेल तर इतर सगळं सोडून १९३० लावा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो गोठवणं काही तासांतच जमतं.

उरली ती बंद पडलेली फोन बँकिंग सेवा. ती लगेच चालू करून घ्यायची घाई बहुतेक जण करतात. वडिलांनी गेल्या वर्षभरात ती एकदाही वापरली नसेल, तर शाखेत एक अर्ज देऊन ती बंदच ठेवता येते का, तेवढं विचारून या.